येवल्याचा नगर-अभ्यास: चार दिवसांत काय पाहावं, काय मोजावं?

नकाशा_पेन्सिल

नमस्कार मंडळी. एम.ए. भूगोलाच्या दुसऱ्या वर्षाला एका लहान शहराचा अभ्यास द्यायचा आहे. मी येवला (जि. नाशिक) घेतलंय. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस मुक्काम करायचा विचार आहे. जनगणनेचे आकडे, तालुक्याचा नकाशा आणि विद्यापीठाचं पत्र हाताशी आहे.

अडचण अशी की ‘येवला’ म्हटलं की सगळीकडे पैठणी, पैठणी आणि पैठणीच. प्रबंधिकेत तेवढंच लिहिलं तर मार्गदर्शक परत पाठवणार. गाव नक्की कशावर चालतं, जागेचा आणि पाण्याचा त्यात हात किती, हे चार दिवसांत कसं पकडायचं? विणकराची खरी कमाई काढायची तर काय विचारायचं? आणि तिथे हमखास होणाऱ्या चुका कोणत्या?

काळी_जमीन

पहिली चूक तारखांत झालीय. १३, १४, १५ जानेवारीला येवल्यात काम होत नाही. भोगी, संक्रांत आणि कर हे तिन्ही दिवस अख्खं गाव धाब्यावर, म्हणजे घराच्या गच्चीवर, पतंग उडवत असतं. माग बंद, निम्मी दुकानं बंद आणि प्रश्नावली भरून द्यायला कोणी खाली उतरत नाही. पतंग हाच विषय असता तर गोष्ट वेगळी. येवल्यात मांजाच्या चक्रीला ‘आसारी’ म्हणतात आणि ती तिथेच घडते, त्यावरही एक प्रकरण होईल. पण सर्वेक्षणाला १७ तारखेनंतर जा, आणि चार दिवसांत एक मंगळवार येईल असं बघा. आठवडे बाजार मंगळवारी असतो.

आता नकाशा. भारतीय सर्वेक्षणाच्या जुन्या क्रमांकांप्रमाणे येवला ४६ एल/८ या पत्रकावर आहे, पण अगदी उजव्या कडेला. ७४ अंश ३० मिनिटे रेखांशाची रेषा गावापासून जेमतेम किलोमीटर-सव्वा किलोमीटरवर. त्यामुळे अंदरसूलची बाजू ४६ एल/१२ वर जाते आणि दक्षिणेला कोपरगावकडे निघालात की २० अंश अक्षांशाची रेषा ओलांडून ४७ आय/५ वर. एकच पत्रक मागवणारे विद्यार्थी तालुक्याचा पूर्व भाग नसलेला नकाशा जोडतात. आग्नेय कोपऱ्यासाठी ४७ आय/९ सुद्धा लागेल. म्हणजे चार पत्रकं जोडायची तयारी ठेवा.

पाणी समजलं की निम्मा अभ्यास झाला. उत्तरेला अंकाई-टंकाईची जोडगोळी दिसते, ती सातमाळा-अजिंठा रांगेचा भाग. ही रांग म्हणजे पाणलोटाची सीमा आहे. रांगेच्या दक्षिणेचं पाणी गोदावरीकडे, पलीकडचं गिरणेवाटे तापीकडे. येवला दक्षिण उतारावर आणि पर्जन्यछायेत. इगतपुरीला ढग रिकामे होतात आणि इथे येईस्तो फक्त वारा उरतो.

तालुक्याचे दोन तुकडे करून बघा. नैर्ऋत्य आणि दक्षिणेला पालखेड डावा कालवा फिरतो. पालखेड धरण दिंडोरी तालुक्यात, कादवा नदीवर. तिथून निघालेलं पाणी निफाड ओलांडून येवल्यात येतं, म्हणजे येवला कालव्याच्या शेपटीकडे. शेपटीचं दुखणं सगळीकडे सारखंच. आवर्तन (कालव्यात पाणी सोडायची पाळी) सुटलं तरी वरच्या भागात उपसा झाला की खाली धार बारीक होते आणि पाणी पोहोचेपर्यंत आवर्तन संपतं. ईशान्येला राजापूर, ममदापूर भागात कालवाच नाही. माळरान, बाजरी, मका, उन्हाळ्यात टँकर. याच माळावर काळवीट आहेत आणि ममदापूरला त्यांच्यासाठी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. एक दिवस पाटोद्याकडे आणि एक दिवस राजापूरकडे घाला. विहिरीची खोली, जानेवारीतली पाणीपातळी आणि उभं पीक, या तीनच गोष्टी दहा-दहा विहिरींवर नोंदवल्या तरी उत्तम तक्ता होईल. खोली परसात (पुरुषभर उंचीचं माप) नोंदवा, कारण शेतकरी परसातच सांगणार. फूट किंवा मीटर घरी आल्यावर करा.

शहराचं पाणीही कालव्याचंच. आवर्तनात गंगासागर तलाव भरून घ्यायचा आणि पुढचं आवर्तन येईपर्यंत तेवढ्यात भागवायचं. ‘नळाला किती दिवसांनी पाणी येतं’ हा प्रश्न नगरपरिषदेत विचारा आणि तोच गल्लीतही विचारा. दोन्ही उत्तरं वेगवेगळ्या रकान्यांत लिहा.

धोटा

पैठणीला कंटाळू नका, फक्त दुकानातून बघू नका. मागावर जाऊन बसा. शहरात तर माग आहेतच, पण नागडे, वडगाव, बल्हेगाव अशा जवळच्या गावांतही घराघरात आहेत. ही गावं नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर. त्यामुळे जनगणनेतला शहराचा ‘घरगुती उद्योगातील कामगार’ हा आकडा घेऊन ‘येवल्यात इतकेच विणकर’ असं लिहिलंत की घोटाळा झाला. त्यात आणखी एक गंमत. नवरा मागावर बसतो, बायको कांड्या भरते (धागा नळ्यांवर गुंडाळते), पण मोजणीच्या दिवशी ती ‘घरकाम’ सांगते. २०१९-२० ची हातमाग गणना सोबत ठेवा आणि दोन्हींतला फरक का पडतो तेच लिहा.

कामाचा क्रम असा. कच्चं रेशीम कर्नाटकातून येतं, बाजार बंगळुरूचा. जर सुरतेची. लडी साबण-सोड्याच्या पाण्यात उकळून रेशमाचा डिंक काढतात, त्यात वजन २० ते २५ टक्के घटतं. एक किलो कच्चं रेशीम घेतलं तर मागावर पाऊण किलोच्या आसपास चढतं, हे खर्चाच्या हिशेबात विसरू नका. मग रंगणी. रंगलेली लड रहाटावर उलगडून कांड्या भरायच्या, ताणा (साडीचे उभे धागे) काढायचा आणि सांधणी करायची.

सांधणी नीट बघा. जुना ताणा संपत आला की त्याची टोकं फणीत आणि वह्यांत (उभे धागे ज्यांतून ओवलेले असतात ते मागाचे भाग) तशीच ठेवतात. नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला पीळ देऊन जोडतात. हजारो धागे, आणि हे काम करणारे हात वेगळे असतात, ते मजुरी घेऊन घरोघर जातात. एक धागा इकडचा तिकडे झाला की पुढच्या सगळ्या साड्यांत त्या जागी उभी रेघ येते. सांधणीवाला मिळेपर्यंत माग रिकामा बसतो. ही रिकामी मुदत कुठल्याच सरकारी तक्त्यात नसते.

एका ताण्यावर एकापाठोपाठ अनेक साड्या निघतात, म्हणजे त्या सगळ्यांचा उभा रंग एकच, बदलतो तो आडवा. उभा आणि आडवा रंग वेगळा असेल तर अंगावर धूपछाँव दिसते. ‘हिरवी कधी तयार होईल?’ असं दुकानात विचारणाऱ्याला हे ठाऊक नसतं की मागावर जांभळा ताणा असेल तर निव्वळ हिरवी निघायला अख्खा ताणा संपावा लागतो.

साडीचं अंग जेकार्डवर (नक्षीचे धागे आपोआप उचलणारी मागावरची यंत्रणा) झरझर पुढे सरकतं. वेळ खातो पदर. पदरातला मोर किंवा मुनिया जेकार्डवर उठत नाही. प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी बारीक तिल्ली (काडी) असते. धागे मोजून, जिथे हिरवा संपून लाल सुरू होतो तिथे दोन्ही धागे एकमेकांत अडकवून परत फिरवायचे. बांगडी मोराच्या पदरावर आडव्या एका ओळीसाठी डझनांनी तिल्ल्या लोंबताना दिसतील. चूक झाली तर वरून झाकता येत नाही, तेवढ्या ओळी उसवाव्या लागतात, आणि उसवलेली जर पुन्हा तशी बसत नाही.

यातूनच परीक्षा निघते. अस्सल हातविणीच्या पदराची उलटी बाजू सुलट बाजूसारखीच स्वच्छ असते. उलट बाजूला लांब मोकळे धागे किंवा कापलेली टोकं दिसली तर ते यंत्राचं काम. आणि ‘सिल्क मार्क’ म्हणजे रेशीम शुद्ध, एवढंच. साडी हातमागाची आहे असं ते लेबल सांगत नाही, त्याला हँडलूम मार्क वेगळा. यंत्रमागावरच्या ‘सेमी पैठण्या’ येवल्यातही राजरोस विकल्या जातात. त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण विक्रीचे आकडे घेताना दोन्ही एकात मिसळले तर तुमचा तक्ता बाद. जरीबद्दलही नेमकं विचारा: चांदीची, टेस्टेड की साधी? किमतीतला मोठा फरक तिथेच असतो.

नकाशा_पेन्सिल

@धोटा, खूप उपयोगी. पण कमाईचं काय? ‘एका साडीचे किती मिळतात’ असं विचारलं तर उत्तर मिळेल, ते महिन्याच्या उत्पन्नात कसं बदलायचं? आणि इतक्या कोरड्या गावात रेशमाचा धंदा टिकला कसा? हवामानाशी काही संबंध जोडता येईल का?

धोटा

आधी विणकर कोणत्या जातीचा हे बघा. सामाजिक नव्हे, व्यवहारातली जात म्हणतोय 🙂 एक स्वतः रेशीम-जर घेऊन विणणारा आणि साडी विकणारा. दुसरा मजुरीवाला: माल व्यापाऱ्याचा, माग घरचा. तिसरा दुसऱ्याच्या मागावर बसणारा. तिघांची ‘एका साडीची कमाई’ एका रकान्यात टाकायची नाही. पहिल्याच्या रकमेत माल, व्याज आणि न खपलेल्या साडीचा धोका आहे. दुसऱ्याच्या रकमेत फक्त हात.

मजुरीवाल्याचा हिशेब उदाहरणानं सांगतो. आकडे केवळ गणितापुरते, भाव म्हणून वापरू नका. समजा साडीची मजुरी ९,००० आणि विणायला २० दिवस. रोज ४५० पडले असं वाटतं. आता ताण्याची तयारी आणि सांधणीचे दिवस वाटून साडीमागे १ दिवस धरा. घरातलं माणूस रोज दोन तास कांड्या भरतं, म्हणजे २० दिवसांचे ४० तास, आठ तासांच्या दिवसानं ५ दिवस. एकूण २६ मनुष्यदिवस. ९,००० भागिले २६, म्हणजे ३४६. सांधणीवाल्याची मजुरी विणकर स्वतः देत असेल तर आणखी खाली. ‘साडी मागावरून कधी उतरली आणि त्याआधीची कधी उतरली होती?’ हा प्रश्न विचारा. दोन तारखांतलं अंतर खरं बोलतं, ‘किती दिवस लागतात?’ याचं उत्तर नेहमी कमी येतं.

आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, घेतली आहे का हेही विचारा, पण पहिल्या भेटीत नको. आणि व्यापाऱ्यासोबत मागावर जाऊ नका, तो समोर उभा असताना मजुरीचा खरा आकडा येणार नाही.

हवामानाचं: कोरडेपणा रेशमाला सोयीचा नाहीच. कडक उन्हाळ्यात धागा ताठ होऊन तुटतो, पावसाळ्यात ओल धरून ताण ढिला पडतो आणि फणीचा ठोका सारखा बसत नाही. खड्डामाग जमिनीत का, त्याचं एक उत्तर इथे आहे. विणकराचे पाय खड्ड्यात, ताणा जमिनीलगत, त्यामुळे थोडी ओल धाग्याला मिळत राहते. उभे फ्रेमचे माग आले, बसायला सोय झाली, पण उन्हाळ्यात काळजी वाढली. तेव्हा ‘हवामान अनुकूल म्हणून उद्योग आला’ हे पाठ्यपुस्तकी वाक्य येवल्याला लागू करू नका.

मोडी_दप्तर

उद्योग आला तो आणल्यामुळे. रघुजीबाबा नाईक हे गावाचे संस्थापक मानले जातात. त्यांनी विणकर आणि गुजराती व्यापारी आणून वसवले, अशी परंपरा सांगते. विणणारा, रेशीम-जर पुरवणारा आणि विकणारा असे तिन्ही एका पेठेत बसले की कच्चा माल लांबून आला तरी चालतं. रेशीम आणि जर दोन्ही वजनाला हलकी, मोलाला भारी. वाहतुकीचा खर्च साडीच्या किमतीत दिसतही नाही. उद्योगस्थानाचा सिद्धांत लिहायचाच असेल तर हे धरा.

वस्तीचा नकाशा करताना नावं वाचत चला. गंगादरवाजा, नागडे दरवाजा, फत्तेबुरूज नाका. दरवाजे आणि बुरूज नावातच उरलेत. ते बिंदू जोडलेत की जुन्या गावाची कड अंदाजे मिळते, आणि अरुंद बोळ कुठे संपून प्लॉट कुठे सुरू होतात तेही. विणकरांत खत्री, साळी, कोष्टी, मोमीन असे सगळे आहेत. घरात गुजरातीच्या जवळची बोली, गल्लीत मराठी, बाजारात हिंदी हे इथे रोजचं. संक्रांतीच्या पतंगामागे हाच गुजराती धागा आहे.

‘लोक’ या प्रकरणात दोन गोष्टी सुटतात, त्या सोडू नका. १३ ऑक्टोबर १९३५ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही’ ही घोषणा येवल्यातच केली. मुक्तिभूमी हे त्या जागेचं स्मारक. दरवर्षी त्या तारखेला राज्यभरातून लोक येतात. गावाच्या तात्पुरत्या लोकसंख्येचा आणि हॉटेल, एसटी, रसवंती यांच्या उलाढालीचा तो मोठा दिवस. तसाच दुसरा काळ कोटमगावच्या जगदंबेच्या नवरात्राचा. तात्या टोपे यांचा जन्मही येवल्याचा, १८१४ चा, पण त्यावर पानभर लिहून अभ्यासाला काही मिळणार नाही.

चाळ_कांदा

वर पैठणीवर एवढं लिहिलंय, कांद्याचं कोणी नावच काढलं नाही! २०११ ला शहराची लोकसंख्या ५० हजारांच्या आसपास होती. गावातल्या किराणा, खत-औषध, मोटारसायकल, सोनार या दुकानांचा गल्ला पैठणीवर हलत नाही. तो बाजार समितीवर हलतो. पैठणीचं गिऱ्हाईक बाहेरचं: मुंबई-पुण्याचं, शिर्डीला जाता-येता थांबणारं. कांद्याचा पैसा मात्र सकाळी पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) होऊन दुपारी मेन रोडवर येतो. कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क ऑगस्ट २०२३ मध्ये लागलं, डिसेंबरात निर्यातबंदी आली. त्यानंतरच्या महिन्यांची गाड्यांची विक्री आणि आधीच्या वर्षाची विक्री दोन-तीन शोरूममधून मिळाली तर मागा. पैठणीच्या दुकानातूनही तेच मागा. दोन आलेख शेजारी लावा, मग बोलू.

लिलाव बघायचा तर सकाळी लवकर. येवल्याचा मुख्य आवार आहे, शिवाय अंदरसूल आणि पाटोदा हे उपबाजार. अमावस्येला लिलाव बंद ठेवायची जुनी रीत, तेव्हा पंचांग बघून आणि चौकशी करून जा. ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप रांगेत लागतात, व्यापाऱ्यांचा घोळका एकेका वाहनापाशी थांबतो, मिनिटभरात बोली संपते. मग भुईकाट्यावर वाहनासकट वजन, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर (माल उतरवायच्या आवारात) खाली करणं. खरी कटकट खळ्यावर: वर गोलाकार माल आणि तळाला गोल्टी किंवा चिंगळी, म्हणजे बारीक कांदा, निघाली की भाव पाडतात, वाद समितीत येतो. म्हणून ‘लिलावाचा भाव’ आणि ‘पट्टीवरचा भाव’ हे दोन वेगळे रकाने करा. हमाली-तोलाई कापायची की नाही या वादात एप्रिल २०२४ मध्ये नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले होते. तेव्हा पट्टीत काय काय कापलंय ते वाचा.

जानेवारीत दिसेल तो लाल, म्हणजे खरिपाचा आणि लेट खरिपाचा रांगडा. हा टिकत नाही, काढला की विकायचा. टिकतो तो उन्हाळ, म्हणजे रब्बीचा. त्याची लागवड तुम्ही जाल तेव्हा शेतात चालू असेल किंवा नुकती झालेली असेल. तो मार्च-एप्रिलपासून निघून चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, जातो. म्हणजे जानेवारीत चाळी रिकाम्या दिसणार. ‘चाळी वापरात नाहीत’ असं लिहू नका, हे हसण्यावारी नेतोय पण झालंय असं. रिकामी चाळ मोजायला उलट सोपी: पाखी (चाळीची एक बाजू) साधारण चार फूट रुंद, थर चार ते पाच फूट उंच, तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर. रुंदी वाढवली की मधला कांदा कोंदतो, तिथून सड सुरू होते. चांगल्या चाळीतही चार-पाच महिन्यांत वजन घटतंच, वाईट चाळीत तिसरा हिस्सा किंवा जास्त जातो.

चौफुली

जाण्या-राहण्याचं थोडक्यात. येवला दौंड-मनमाड मार्गावरचं स्टेशन आहे, पण गाड्यांच्या सोयीसाठी मनमाडला उतरून एसटी घ्या, ३० किलोमीटरच्या आत. नाशिक साधारण ८०, कोपरगाव साधारण २०, तिथून पुढे शिर्डी.

विंचूर चौफुलीला दोन वाटा छेदतात, नाशिक-संभाजीनगर आणि मनमाड-अहिल्यानगर. वाहनगणना इथेच करा. सकाळी ८ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ७, चारही बाजूंना एकेक माणूस. ट्रॅक्टर, पिकअप, प्रवासी गाडी, एसटी आणि अवजड मालट्रक असे पाच रकाने पुरे. मंगळवारी एकदा आणि साध्या वारी एकदा. शेजारच्या जिल्ह्यांच्या नंबरप्लेटही टिपा: एमएच-२० (संभाजीनगर) आणि एमएच-१७ (श्रीरामपूर) किती, यावरून गावाचं सेवाक्षेत्र कुठवर पसरलंय त्याचा अंदाज येतो. वैजापूर आणि कोपरगाव तालुक्यांतली सीमेलगतची गावं येवल्यात बाजाराला येतात, जिल्ह्याची रेषा त्यांना आडवी येत नाही.

पैठणीची मोठी दुकानं याच रस्त्यांच्या कडेला का सरकली, ते चौफुलीवर दोन तास उभं राहिलं की कळतं. जुनी पेठ आत, पार्किंग बाहेर. अंगणगावचं पैठणी पर्यटन केंद्रही बघून घ्या, पण मुलाखती तिथे नको.

नकाशा_पेन्सिल

सगळ्यांचे आभार. तारखा बदलल्या, आता १९ ते २३ करते, म्हणजे एक दिवस वाढला. @काळी_जमीन, राजापूरकडच्या विहिरींसाठी दुचाकी लागेल का, की एसटीवर भागेल?

काळी_जमीन

राजापूरपर्यंत एसटी मिळेल, पण विहिरी रस्त्यावर नसतात. दुचाकीच घ्या. टेपला खाली वजन बांधा, नुसता टेप विहिरीत वाऱ्यानं हलतो आणि पाणी कुठे लागलं ते कळत नाही. आणि काठाची उंची वजा करायला विसरू नका.